तिच्या वाटचा नमस्कार

मी विमा कंपनीत मेडिकल क्लेम्स बघते. दिवसभर माझ्यासमोर लोकांची मोडलेली हाडं येतात. नाकाचं हाड, गालाचं हाड, मुळासकट गेलेले दात, डोळ्याला बसलेला मार. प्रत्येक क्लेममध्ये ‘कसं झालं’ असा एक रकाना असतो, आणि त्यात किती साध्या साध्या गोष्टी लिहिलेल्या असतात ते वाचलंत तर तुम्ही घराबाहेर पडणार नाही. त्यामुळे मला कुणी घाबरट म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी घाबरट नाही, मला माहिती जास्त आहे एवढंच. नवरा म्हणतो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तो बांधकामाच्या साइटवर सेफ्टी बघतो, पण घरी येताना त्याची सगळी सेफ्टी हेल्मेटबरोबर गाडीतच राहते.

अशा बाईच्या पोटी आलेल्या मुलीने हँडबॉलमध्ये गोलकीपर व्हायचं ठरवलं. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गोल असतो फुटबॉलसारखा, जरा लहान. चेंडू हाताने फेकायचा. फेकणारी धावत येते, हवेत उडी घेते आणि अगदी जवळून अंगातला सगळा जोर लावून मारते. समोर गोलात उभी असते ती कीपर. ना ग्लव्हज, ना हेल्मेट, ना तोंडावर जाळी. हातपाय फाकून ती चेंडूच्या वाटेत आडवी जाते. शहाण्या माणसाने जे टाळायचं, ते मुद्दाम करायचं, असा हा खेळ.

तिची प्रॅक्टिस अजमानच्या एका शाळेच्या हॉलमध्ये असायची. आम्ही राहतो इथेच आखातात, शेजारच्या शारजात, अल मजाज भागात. मी तिला सोडायचे आणि हॉलबाहेर पार्किंगमध्ये एसी लावून बसायचे. आत जाऊन बघायची माझी हिंमत नव्हती. एकदाच गेले होते, आणि तिच्या कानाजवळून गेलेल्या पहिल्याच चेंडूला अशी किंचाळले की खेळ थांबला. लेक बाहेर येऊन म्हणाली, “आई, प्लीज. जस्ट वेट इन द कार.” मलाही तेच हवं होतं.

जाता-येता गाडीत आणखी एक माणूस असायचं, तिच्या कोच. त्या लिथुआनियाच्या. पन्नाशीच्या आसपास, दारातून आत येताना सवयीने मान खाली घालावी लागेल अशा उंचीच्या. शेजारच्याच टॉवरमध्ये राहायच्या. उजवा गुडघा नीट वाकत नाही म्हणून गाडी चालवायच्या नाहीत, मग मीच म्हटलं, या आमच्याबरोबर. त्या पुढच्या सीटवर पाय लांब करून बसायच्या आणि लेक मागे कानात हेडफोन घालून. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये अजमान काही लवकर येत नाही. त्यामुळे त्यांची सगळी कारकीर्द मी हप्त्याहप्त्याने, ब्रेकवर पाय ठेवून ऐकली.

समुद्राकाठचं बंदराचं शहर. वडील बंदरात क्रेनवर. वर्गात सगळ्यात उंच म्हणून शाळेने गोलात उभं केलं, आवडतं का ते कुणी विचारलं नाही. देश नुकता स्वतंत्र झाला होता, तेव्हा हॉल गरम ठेवायला पैसे नसायचे. मुली कोट घालून वॉर्म-अप करायच्या आणि थंडीने चेंडू दगडासारखा व्हायचा. मग देशाच्या संघात थोड्या मॅचेस. मग जर्मनीतला एक छोटा क्लब, सकाळी बेकरीत काम आणि संध्याकाळी खेळ. मग गुडघा गेला. मग लहान मुलांच्या कोच, आणि फिरत फिरत इकडे आखातात.

“भीती नाही वाटायची?” मी एकदा विचारलं. मला तेवढंच विचारायचं होतं.

“रोज,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक मॅचच्या आधी मला उलटी व्हायची. शेवटच्या मॅचपर्यंत.”

हे त्यांनी दात घासल्याचं सांगावं तसं सांगितलं. मी आरशातून मागे पाहिलं, लेकीने ऐकलं नव्हतं.

“भीतीचं काही नाही,” त्या पुढे म्हणाल्या. “भीती असली तरी पाय जातो. विचार आला की पाय जात नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी विचार करायला लागले. पाय खाली घालायच्या आधी एक क्षण, हे दुखेल का? तेवढ्यात गोल. जर्मनीतल्या कोचने मला बाकावर बसवलं आणि संपलं. मला कारण माहीत होतं. पण त्याने विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.”

दिवाळी झाली आणि त्यांच्या बोलण्यात माझी लेक यायला लागली. वरचे चेंडू ती छान अडवते, पण खालचे सुटतात. पायाने अडवायचा चेंडू आला की तिचा पाय उशिरा जातो. आधी असं नव्हतं, आता काय झालंय? डोळे तपासलेत का? झोप होते का? मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, डोळे ठणठणीत. मग कोच म्हणाल्या, “टूर्नामेंटच्या आधी मला ठरवावं लागेल. दुसरी मुलगी आहे. हिच्याइतकी हुशार नाही, पण तिचा पाय वेळेवर जातो. मात्र कारण कळल्याशिवाय मी हिला बसवणार नाही.”

हेडफोन असले तरी हे मात्र लेकीने ऐकलं. घरी आल्यावर जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर ही पॅसेजमध्ये सॉक्स घालून भिंतीपासून भिंतीपर्यंत पाय सरकवतेय, पुन्हा पुन्हा, ओठ चावत. दहावीच्या वर्षाला इतकी मेहनत घेतली असती तर आम्ही पेढे वाटले असते. तिला तो गोल किती हवा होता ते मला त्या पॅसेजमध्ये कळलं. आणि खरं सांगते, तरी मला आत कुठेतरी बरं वाटत होतं. बसली बाकावर तर बसू दे, नाक तरी शाबूत राहील.

पुढच्या आठवड्यात घरी उतरताना कोचनी मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. लेक पुढे लिफ्टकडे गेली होती. “हे बघा. हे काय आहे ते मला कळत नाही. ती गळ्यातली चेन सारखी करते का?”

मी पाहिलं. खालून आलेला चेंडू लेकीच्या पायाला लागून समोर पडला. तिने तो उचलून पुढे फेकायला हवा होता. त्याऐवजी ती किंचित वाकली, उजव्या हाताची बोटं चेंडूला लावली आणि ती छातीला टेकवली. तेवढ्या वेळात दुसऱ्या मुलीने चेंडू झडप घालून नेला आणि गोल केला. पुढच्या तुकड्यात तर पाय चेंडूपर्यंत जातच नव्हता, निम्म्यात थबकत होता.

ते नमस्कार करणं होतं. कोचना कळणं शक्य नव्हतं. आपल्यातल्या कुणालाही पहिल्या झटक्यात कळलं असतं. पुस्तकाला पाय लागला, माणसाला लागला, ताटाला लागला की हात लावायचा आणि नमस्कार करायचा. चालायला लागली तेव्हापासून मीच तिच्या मागे लागून हे शिकवलेलं. मराठी नीट वाचता येत नाही, पाढे येत नाहीत, पण हे मात्र पक्कं बसलं होतं.

“बघते मी,” एवढंच म्हणून मी उतरले.

घरात शिरल्या शिरल्या तिला स्वयंपाकघरात गाठलं. “अगं, बॉलला कोण नमस्कार करतं?”

ती आधी लाल झाली, मग उसळली. “यू टॉट मी दॅट!”

“पुस्तकाला! पेपरला! चेंडूला कधी सांगितलं मी?”

“आई, यू डिड पूजा ऑफ इट! दसऱ्याला!”

ते खरं होतं. दसऱ्याला इथे सुट्टी नसते, म्हणून आम्ही ऑफिसला जायच्या आधी सगळी हत्यारं एका चादरीवर मांडतो. माझा लॅपटॉप, नवऱ्याचं हेल्मेट, गाडीची किल्ली. त्या वर्षी मी तिचा चेंडूही मांडला. तिच्या खेळाचं मला कौतुक नाही असं तिला वाटायला लागलं होतं, म्हणून मुद्दाम मांडला. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, तिला पाया पडायला लावलं. चेंडू हातातून निसटू नये म्हणून त्यांना राळ लावतात, चिकट. त्या राळेत कुंकू असं बसलं की आजवर निघालं नाही. तोच चेंडू घेऊन ती रोज प्रॅक्टिसला जात होती.

“आय नो इट्स स्टुपिड,” ती म्हणाली आणि रडायला लागली. “आता सगळेच बॉल तसे वाटतात. माय फूट जस्ट स्टॉप्स. तू कोचना सांगू नको. दे विल लाफ.”

आता आली का पंचाईत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी तोंड मिटून बसले असते तर काहीही वाईट करायची गरज नव्हती. कोचनी आणखी थोडी वाट पाहिली असती आणि शेवटी दुसऱ्या मुलीला उभं केलं असतं. माझी लेक बाकावर, सुखरूप. ती स्वतःच म्हणत होती, सांगू नको. सांगितलं, आणि त्या बाईने इलाज शोधला, तर मीच पोरीला पुन्हा त्या चेंडूंच्या तोंडी द्यायचं. ऑफिसमध्ये दिवसभर मी त्याच त्या विचारात होते. तेच क्लेम दोनदा पास करायला निघाले होते, साहेबांनी हटकलं.

पण एक वाक्य मला सोडत नव्हतं. त्याने विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. ही बाई तर विचारत होती. रोज विचारत होती.

दुसऱ्या दिवशी लेकीची शाळेत परीक्षा होती, म्हणून त्या संध्याकाळी ती आली नव्हती. कोच एकट्याच होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, पाय लागणं, नमस्कार, दसरा, कुंकू. सांगताना मलाच कानकोंडं झालं. ही काय हसेल, असं वाटून मी आधीच चिडले होते.

त्या हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आमच्याकडे पाव जमिनीवर पडला तर उचलतो आणि त्याला ओठ लावतो. आईने शिकवलं. जर्मनीत बेकरीत पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून पाव पडला. मी उचलून ओठ लावले. सगळे हसले.”

“मग?”

“मग मी कुणी बघत नसताना लावायला लागले.”

गाड्या पुढे सरकल्या, मीही सरकले. त्या म्हणाल्या, “मी तिला पाय कसा घालायचा ते शिकवू शकते. हे मी काढू शकत नाही. तुम्ही घातलंय, तुम्ही बघा.”

आता मी बघायचं म्हणजे काय बघायचं? मी लेकीला समजावलं की चेंडू म्हणजे रबर, खेळात चालतं. ती “आय नो” म्हणायची आणि पाय तिथेच थबकायचा. नवऱ्याने विज्ञान सांगून पाहिलं. आणि मी तरी कुठल्या तोंडाने सांगणार होते? ऑफिसात फायलीला पाय लागला तर मी अजून टेबलाखाली वाकते, समोर क्लायंट बसलेला असला तरी. जे माझ्यातून गेलं नाही ते मी तिच्यातून काय काढणार?

मग भांडी लावताना मला माझे सासरे आठवले. सासूबाईंचे गुडघे धरले तेव्हापासून देवळात त्या पायरीवर बसून राहायच्या आणि त्यांच्या वाटच्या प्रदक्षिणा सासरे घालायचे. स्वतःच्या झाल्या की परत सुरू. कुणी काही विचारलं तर म्हणायचे, देवाला हिशेब कळतो. घरातल्या कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

मी ओल्या हातांनीच लेकीच्या खोलीत गेले. म्हटलं, “ऐक. तू पाय घाल. तुझा नमस्कार मी करते.”

“व्हॉट?”

“तुझ्या पायाला चेंडू लागला की तुझ्या वाटचा नमस्कार मी करीन. लगेच, त्याच क्षणी. तुझ्यावर काही बाकी राहणार नाही. तू पुढे खेळ.”

वेड्यासारखं आहे असं म्हणेल, असं वाटलं मला. ती म्हणाली, “बट आई, यू सिट इन द कार.”

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नमस्कार करायचा तर बघायला हवं. प्रत्येक चेंडू, डोळे उघडे ठेवून. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि ती उत्तराची वाट बघत होती.

“आत येते,” मी म्हटलं.

पहिल्या दिवशी मी हॉलमध्ये वर, प्रेक्षकांच्या बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं आखडली. तिच्या पायाला पहिला चेंडू लागला, तशी मी वाकले, जमिनीला बोटं लावली आणि छातीला. वर पाहिलं तर गोलातून लेक माझ्याकडेच बघत होती, केला का नाही ते तपासत. मी मान डोलावली. त्या नादात तिने पुढचा गोल खाल्ला. शेजारी एक केरळची आई बसली होती. मी चार वेळा वाकलेली पाहून तिला वाटलं माझं कानातलं पडलंय, आणि ती बिचारी माझ्याबरोबर बाकाखाली शोधायला लागली. काय शोधतोय हे तिला सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते, म्हणून दोघींनी मिळून थोडा वेळ शोधलं.

हळूहळू लेक माझ्याकडे बघायची थांबली. पाय जायचा, चेंडू उडायचा, ती झडप घालून उचलायची आणि फेकायची, आणि मी वर बाकावर माझं काम करायचे. कंबर दुखायला लागली. मी नवऱ्याला तसं सांगितलं तर तो म्हणाला, क्लेम टाक. घरी परतताना एकदा कोच म्हणाल्या, “टूर्नामेंटमध्ये ती खेळेल.” आरशात पाहिलं तर लेक खिडकीकडे तोंड करून हसत होती. मला आनंद झाला आणि हातपायही गार पडले, दोन्ही एकदमच.

टूर्नामेंटची मॅच त्याच हॉलमध्ये होती. नवरा साइटवरून तसाच आला होता, बुटांना सिमेंट. पहिल्या अर्ध्यात लेकीने पायाने इतके चेंडू अडवले की मी वाकून वाकून घामाघूम झाले. दोन्ही संघ बरोबरीत होते. दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या संघातली एक उंच मुलगी मोकळी सुटली, अगदी जवळ आली, उडी घेतली आणि मारला. लेक पुढे झेपावली. चेंडू तिच्या तोंडावर बसला.

तो आवाज मी सांगू शकत नाही. ती गुडघ्यांवर बसली होती, नाकाखाली रक्त. मी उठायला गेले आणि बाकासमोर तशीच खाली बसले. लोकांना वाटलं असेल, हिचा नमस्कार चाललाय. माझ्या डोळ्यांसमोर ते सगळे रकाने उभे राहिले, नाकाचं हाड, गालाचं हाड, बुबुळ. नवऱ्याने मला दंडाला धरून वर घेतलं. तोही पांढरा पडला होता.

खाली फर्स्ट एडवाला मुलगा धावला. कोच लंगडत पोचल्या आणि त्या न वाकणाऱ्या गुडघ्यावर कशाबशा टेकल्या. त्यांनी बोट नाचवून तिचे डोळे बघितले, काही काही विचारलं. फर्स्ट एडवाल्याने नाक चाचपलं, बर्फ लावला, कापूस कोंबला, आणि अंगठा वर केला. हाड शाबूत होतं, चक्कर नव्हती. लेक हात हलवून काहीतरी सांगत होती. बाकावरून दुसरी कीपर उठून जर्सी सारखी करत होती.

मग कोच उठल्या आणि वळल्या. त्यांची नजर बाकांवरून फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. त्यांनी हात जरासा पुढे केला, तळवा वर. तेवढंच.

“अगं, तुला विचारतायत,” नवरा म्हणाला.

लेकही बघत होती. नाकात कापूस, छातीवर रक्ताचे थेंब, आणि डोळे माझ्यावर रोखलेले. मी नुसती नाही म्हणाले असते तर ती बाहेर आली असती. त्या बाईने एका शब्दाने वाद घातला नसता, हे मला पक्कं माहीत होतं. इतके महिने मला हेच तर हवं होतं, की कुणीतरी मला विचारावं.

“खेळू दे,” मी म्हटलं. ते शेजारी नवऱ्यालाही ऐकू गेलं नाही. मान हलवली, पण आपल्या मान हलवण्याचा अर्थ त्या लोकांना कधी कळतो? कोच हात तसाच धरून उभ्या होत्या. मग मी समोरचा कठडा धरला आणि इथे सगळे ‘चला, पुढे’ म्हणायला ओरडतात तशी जिवाच्या आकांताने ओरडले, “यल्ला!”

अख्खा हॉल वळला. कुणीतरी हसलं. कोच हसल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या मुलीला खाली बसायची खूण केली आणि लंगडत आपल्या जागेवर गेल्या. लेक उठली, तोंडावरून बाही फिरवली आणि गोलाच्या मधोमध जाऊन हात फाकून उभी राहिली.

पुढचा चेंडू खालून आला, डावीकडे, कोपऱ्यात. तिने क्षणभरही वाट पाहिली नाही. पाय सरळ गेला, पूर्ण ताणून, जिथे जायला हवा होता तिथे. चेंडू तिच्या टाचेला चुकवून एवढ्याशा फटीतून जाळ्यात गेला. गोल. समोरची बाजू ओरडून उठली. लेकीने जमिनीवर एक थाप मारली, जाळ्यातून चेंडू काढला आणि मैदानाच्या मध्यावर उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे फेकून दिला.

पाय चेंडूला लागलाच नव्हता, त्यामुळे नमस्कार करायचं काही कारण नव्हतं. मी कठडा धरून तशीच उभी राहिले आणि पुढचा चेंडू कुठून येतोय ते बघत राहिले.